संसर्गजन्य आजार कसे होतात, कसे पसरतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात, वर्गात किंवा कामाच्या जागी कुणी आजारी पडले की पहिला प्रश्न येतो, ‘हे मला होईल का?’ याचे उत्तर तो आजार कोणत्या वाटेने पसरतो यावर अवलंबून असते. श्वासावाटे पसरणाऱ्या आजारात दिवसभर फरशी पुसून फारसे काही साधत नाही. पाण्यातून पसरणाऱ्या आजारात मास्कचा उपयोग नाही. म्हणून खालच्या उत्तरांमध्ये प्रत्येक ठिकाणी वाटेचाच विचार आधी केला आहे.

जंतू शरीरात शिरले म्हणजे आजार झालाच का?

नाही. कित्येक जंतू आपल्या अंगावर आणि अंगात नुसते राहतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू साधारण ३० टक्के लोकांच्या नाकात सापडतो आणि त्यातल्या बहुतेकांना काहीही त्रास नसतो. जंतू ऊतींमध्ये शिरून वाढू लागला की संसर्ग झाला असे म्हणतात. त्या वाढीमुळे किंवा तिला शरीराने दिलेल्या प्रतिसादामुळे लक्षणे दिसू लागली की त्याला आजार म्हणायचे.

क्षयरोगात हा फरक ठळक दिसतो. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जिवाणूची लागण झालेली असावी असा अंदाज आहे. त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. बाकीच्यांच्या शरीरात जिवाणू सुप्त राहतो आणि त्यांच्यापासून दुसऱ्याला लागण होत नाही. पोलिओची गोष्ट उलटी आहे. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना लक्षणेच नसतात, साधारण २०० पैकी एकाला कायमचा लकवा होतो, पण लक्षणे नसलेले बाकीचे सगळे विष्ठेवाटे विषाणू बाहेर टाकत राहतात. लकव्याचा एक रुग्ण सापडला की आसपास शेकडो जणांना लागण झाली आहे असे धरून चालावे लागते, ते यामुळेच.

प्रत्येक संसर्गजन्य आजार माणसाकडून माणसाला होतो का?

होत नाही. धनुर्वाताचे जंतू मातीतून जखमेत जातात, रुग्णाची सेवा करणाऱ्याला त्याच्यापासून धनुर्वात होत नाही. हिवतापाला मध्ये डास लागतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, कातडीवरच्या जखमांवाटे शिरतात. अशा आजारांत रुग्णापासून लांब राहून काही मिळत नाही, रुग्ण मात्र विनाकारण एकटा पडतो.

जिवाणू, विषाणू, बुरशी हे भेद सामान्य माणसाला कशाला हवेत?

दोन कारणांसाठी. पहिले म्हणजे औषध. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही. बुरशी, हिवतापासारखे एकपेशीय परजीवी आणि पोटातले जंत या प्रत्येकाची औषधे निराळी आहेत.

दुसरे कारण, शरीराबाहेर जंतू किती तग धरतो आणि कशाने मरतो हे त्याच्या रचनेवर ठरते. फ्लू, कोविड, एचआयव्ही यांच्या विषाणूंवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. साबण आणि अल्कोहोल ते आवरण विस्कटतात आणि विषाणू निकामी होतो. उलट्या-जुलाबांच्या साथी आणणाऱ्या नोरोव्हायरसला असे आवरण नाही, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर कमी पडतो. काही जिवाणू जाड कवचाचे बीजाणू तयार करतात. धनुर्वाताचा जंतू त्यांतलाच. हे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

आजार पसरायला नेमके काय काय जुळून यावे लागते?

सहा गोष्टी एकामागून एक जुळाव्या लागतात: जंतू, तो जिथे राहतो ती जागा (माणूस, प्राणी, माती किंवा पाणी), तिथून बाहेर पडण्याचा मार्ग, पुढे नेणारे साधन, नव्या शरीरात शिरण्याचा मार्ग आणि प्रतिकारशक्ती नसलेली व्यक्ती. यातली एक कडी तुटली तरी प्रसार थांबतो, आणि सगळ्यात सोयीची कडी कोणती हे प्रत्येक आजारात वेगळे असते.

कॉलऱ्यात जंतू आतड्यात राहतो, जुलाबावाटे बाहेर पडतो, पाण्यातून प्रवास करतो आणि तोंडावाटे आत जातो. इथे पाण्याची कडी तोडणे सर्वांत सोपे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात साथ आली तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यूंच्या जागा नकाशावर मांडून एका सार्वजनिक पंपाकडे बोट दाखवले आणि पंपाचा दांडा काढायला लावला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे. तरीही जंतू कोणता हे माहीत नसताना प्रसाराची वाट ओळखता येते, हे त्या कामाने दाखवून दिले. आजही नव्या आजाराची साथ आली की तपास याच पद्धतीने सुरू होतो.

श्वासावाटे पसरणारे आजार किती अंतरावरून लागतात?

खोकताना, शिंकताना, बोलताना आणि नुसता श्वास सोडतानाही वेगवेगळ्या आकाराचे थेंब बाहेर पडतात. दीड मीटर उंचीवरून, हवा स्थिर असेल तर, १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब काही सेकंदांत खाली पडतो. ५ मायक्रॉनच्या कणाला सुमारे अर्धा तास लागतो. १ मायक्रॉनचा कण कित्येक तास तरंगत राहतो. मोठे थेंब समोरच्याच्या डोळ्या-नाकावर पडून लागण करतात, बारीक कण खोलीभर पसरून फुप्फुसात खोलवर जातात. पूर्वी या दोन्हींमध्ये काटेकोर रेघ मारली जाई. प्रत्यक्षात एकाच खोकल्यातून दोन्ही निघतात, आणि जवळ उभ्या माणसाला दोन्हींचा धोका सर्वांत जास्त असतो.

गोवर, कांजिण्या आणि फुप्फुसाचा क्षयरोग हे बारीक कणांतून पसरणारे ठळक आजार. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही २ तासांपर्यंत तिथल्या हवेतून लागण होऊ शकते. इथे एक-दोन मीटर अंतर ठेवले म्हणजे झाले, हा हिशेब चुकतो. महत्त्वाची ठरते ती खोलीतली हवा. तासाला ६ वेळा हवा बदलत असेल तर तरंगणाऱ्या कणांपैकी ९९ टक्के जायला साधारण ४६ मिनिटे लागतात, १२ वेळा बदलत असेल तर २३ मिनिटे. तासाला दोनदाच बदलत असेल तर मात्र सव्वादोन तासांहून जास्त.

म्हणून रुग्णाच्या खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघडा. एकच खिडकी असेल तर पंखा तिच्यात बाहेरच्या दिशेने लावा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर फेकली जाईल आणि ताजी हवा दाराच्या फटीतून आत येईल. छताचा पंखा बंद खोलीत हवा नुसती घुसळतो. बहुतेक घरगुती एसी तीच हवा थंड करून परत सोडतात, त्याने हवा बदलत नाही.

मास्क कोणता आणि कुणी लावायचा?

आजारी माणसाने लावलेला साधा सर्जिकल मास्क मोठे थेंब उगमाशीच अडवतो, म्हणून खोकणाऱ्याने तो लावणे सर्वांत फायद्याचे. बारीक कणांपासून स्वतःचा बचाव करायचा असेल तर एन-९५ लागतो. तो ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण गाळतो, पण कडा चेहऱ्याला घट्ट बसल्या तरच. दाढी असेल, नाकावरची पट्टी दाबलेली नसेल किंवा पट्टे सैल असतील तर हवा गाळणीतून न येता कडेने आत येते. लावल्यावर जोरात श्वास सोडून पाहा. गालांपाशी किंवा डोळ्यांकडे हवा लागली तर तो नीट बसलेला नाही. ओला झालेला मास्क बदला, आणि काढताना पुढच्या भागाला हात न लावता पट्ट्यांना धरून काढा.

हात किती वेळ धुवायचे? सॅनिटायझर पुरतो का?

साबण लावून किमान २० सेकंद चोळा. हात ओले करणे, धुणे, पुसणे धरून ४० ते ६० सेकंद होतात. पाणी गरमच हवे असे नाही, काम साबण आणि चोळणे करते. हमखास सुटणाऱ्या जागा म्हणजे अंगठे, बोटांची टोके, नखांखालचा भाग आणि बोटांमधली बेचकी. शौचाहून आल्यावर, बाळाचे लंगोट बदलल्यावर, स्वयंपाकाआधी आणि जेवणाआधी या वेळा चुकवू नका. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ झेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाचे मृत्यू झपाट्याने घटले. रुग्णालयातून पसरणाऱ्या संसर्गांवर आजही इतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल ६० ते ८० टक्के हवे आणि हात सुकेपर्यंत, म्हणजे २० ते ३० सेकंद, चोळायला हवे. हातावर माती, तेल किंवा रक्त असेल तर तो नीट पोहोचत नाही. जुलाब-उलट्यांच्या रुग्णाजवळ काम करत असाल तर सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका, साबणपाणीच वापरा.

फरशी आणि वस्तू निर्जंतुक करण्यासाठी ब्लीच किती घ्यायचे?

५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण हाताशी आहे असे धरू. २० मिलि द्रावणात ९८० मिलि पाणी घातले की ०.१ टक्के होते, ते रोजच्या पृष्ठभागांसाठी. १०० मिलि द्रावणात ९०० मिलि पाणी घातले की ०.५ टक्के होते, ते रक्त सांडलेल्या जागेसाठी. उलटी किंवा जुलाब सांडले असतील तरही हेच जास्त तीव्रतेचे वापरा. बाटलीवरची टक्केवारी आधी वाचा, ती ५ पेक्षा वेगळी असेल तर प्रमाण बदलते.

चुका साधारण चार ठिकाणी होतात. घाण न पुसता त्यावरच ब्लीच ओतले जाते, आणि क्लोरीन त्या घाणीशीच खर्ची पडते. आधी हातमोजे घालून कागदाने घाण टिपा, साबणाने धुवा, मग द्रावण लावा. दुसरी चूक म्हणजे लगेच पुसून टाकणे, पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहिला पाहिजे. तिसरी, कालचे द्रावण आज वापरणे. पातळ केलेले द्रावण उन्हाने आणि वेळेने निकामी होते, रोज नवे करा. चौथी चूक जिवावर बेतणारी आहे: ब्लीचमध्ये आम्ल असलेला टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेले काहीही मिसळू नका. विषारी वायू सुटतो. माणसांच्या अंगावर ब्लीच फवारणे हेही तितकेच चुकीचे, त्याने कातडी, डोळे आणि फुप्फुसांना इजा होते आणि शरीरातल्या जंतूंवर काहीच परिणाम होत नाही.

पाणी किती वेळ उकळायचे?

खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरते. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरपेक्षा उंच जागी ३ मिनिटे, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळते. जास्त उकळून इंधन जाते, फायदा होत नाही. गढूळ पाणी आधी निवळून, कापडातून गाळून घ्या. उकळलेले पाणी त्याच भांड्यात झाकून गार करा आणि दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने काढा. उकळलेल्या पाण्यात हात बुडवून पेला भरला की सगळी मेहनत वाया जाते, आणि घरोघरी हीच चूक सर्वांत जास्त होते. रसायने आणि जड धातू मात्र उकळल्याने जात नाहीत.

जुलाब सुरू झाल्यावर घरी काय करायचे?

जुलाबात जीव जातो तो शरीरातले पाणी आणि क्षार संपल्यामुळे. म्हणून पहिल्या पातळ जुलाबापासून ओआरएस (पाणी आणि क्षार भरून काढणारे द्रावण) सुरू करा. तयार पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चमचा सपाटच हवा, मीठ जास्त झाले तर लहान मुलाला ते घातक ठरते. पुडीवर १ लिटर लिहिले असेल तर पूर्ण पुडी पूर्ण लिटरातच विरघळवा, अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकू नका. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने परत द्या. तयार द्रावण २४ तासांनी फेकून द्या. बाळाचे अंगावरचे दूध आणि जेवण थांबवायचे नाही. ६ महिन्यांवरच्या मुलांना डॉक्टर १० ते १४ दिवस रोज २० मिग्रॅ झिंक देतात, तो कोर्स जुलाब थांबले तरी पूर्ण करा.

शिळे अन्न चांगले गरम केले तर जंतू मरतात ना?

जंतू मरतात, त्यांनी आधीच तयार केलेले विष दरवेळी नष्ट होत नाही. स्टॅफिलोकोकसचे विष उकळीलाही टिकते. शिजवलेला भात बाहेर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस वाढतो आणि त्याचेही उलट्या घडवणारे विष गरम करून जात नाही.

५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. या वेगाने एकाचे २ तासांत ६४ होतात आणि ७ तासांत २० लाखांच्या वर जातात. म्हणून शिजवलेले अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. मोठे पातेले तसेच फ्रिजमध्ये सरकवले तर मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, उथळ भांड्यांत विभागून ठेवा. परत गरम करताना मध्यभागी ७० अंशांच्या वर, म्हणजे सगळीकडून वाफ येईपर्यंत तापवा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट न धुता कोशिंबिरीला वापरू नका.

लागण व्हायला किती जंतू लागतात यातही मोठा फरक आहे. रक्ताची आव करणारा शिगेला १० ते १०० जंतूंनीही लागण करतो, त्यामुळे तो नुसत्या हातांवरूनही पसरतो. कॉलऱ्याला निरोगी माणसात त्याच्या कित्येक पट जास्त जंतू लागतात, म्हणून तो बहुधा दूषित पाण्या-अन्नातूनच येतो.

डेंगी आणि हिवताप यांच्या डासांसाठी काळजी वेगवेगळी घ्यावी लागते का?

हो. हिवतापाचा अ‍ॅनाफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, तिथे रात्रीची औषध लावलेली मच्छरदाणी उत्तम. डेंगीचा एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी, आणि घरातल्या साठवलेल्या पाण्यात वाढतो. कुंड्यांखालच्या थाळ्या, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, टाक्या, पडलेले टायर या त्याच्या जागा.

उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला ७ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करायची. नुसते रिकामे करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात, पाणी मिळाले की फुटतात. कडा घासा. धुराच्या फवारणीने त्या क्षणी उडणारे डास मरतात, अळ्या आणि अंडी तशीच राहतात. चार दिवसांनी डास परत दिसले की फवारणीच खोटी होती असे लोक म्हणतात, पण उरलेले काम भांड्यांमध्ये असते.

एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: डेंगीच्या रुग्णाने तापाच्या पहिल्या ५ दिवसांत दिवसाही मच्छरदाणीत झोपावे. त्या काळात त्याच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास साधारण ८ ते १२ दिवसांनी इतरांना लागण करू लागतो. ही मच्छरदाणी घरातल्या बाकीच्यांसाठी आहे.

एचआयव्ही डास चावून किंवा एकत्र जेवून होतो का?

होत नाही. डासाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही आणि चावताना डास आधीचे रक्त आत सोडत नाही. स्पर्श, मिठी, एकत्र जेवण, एकच शौचालय यांतूनही लागण होत नाही. असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित सुई किंवा रक्त, आणि आईकडून बाळाला या त्याच्या वाटा. नियमित औषधाने रक्तातले विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके उतरले आणि तसेच राहिले, तर लैंगिक संबंधातूनही तो पुढे जात नाही. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, उपचारांनी तो ५ टक्क्यांखाली आणता येतो.

रक्तातून पसरणाऱ्यांमध्ये हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणूजन्य आजार) कितीतरी जास्त सहज लागतो. दूषित सुई टोचल्यावर एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के, हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्यात, ६ ते ३० टक्के. शिवाय हा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. दाढीचे ब्लेड, टूथब्रश, नेलकटर वाटून घेऊ नका. लस आहे, ती घ्या. सुई टोचली तर जागा साबणपाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी रुग्णालयात जा: एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी.

क्षयाच्या रुग्णाची भांडी, कपडे वेगळे ठेवायचे का?

गरज नाही. क्षयरोग हवेतून पसरतो, ताटातून नाही. भांडी वेगळी करण्यात रुग्णाचा अपमान होतो आणि घरच्यांना खोटा दिलासा मिळतो, कारण बंद खोलीत सगळे एकत्र झोपतच असतात. खिडक्या उघडा, रुग्णाला खोकताना तोंड झाकायला सांगा, सुरुवातीचे काही आठवडे मास्क आणि वेगळी खोली ठेवा, घरातल्या सगळ्यांची, विशेषतः ५ वर्षांखालच्या मुलांची तपासणी करा. योग्य औषधे सुरू झाली की संसर्गक्षमता लवकर घटते. साध्या क्षयावर औषधे सहसा ६ महिने चालतात. दोन महिन्यांत बरे वाटते आणि लोक गोळ्या सोडतात. औषधाला दाद न देणारा क्षय तयार होण्याचे ते एक मोठे कारण आहे.

कुत्रा चावला तर पहिल्या तासात काय करावे?

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटे वाटतात त्याहून फार जास्त असतात. रेबीजचा विषाणू जखमेतच असताना तो धुऊन काढण्याची ही संधी आहे. नंतर आयोडीन किंवा अल्कोहोल लावा, दुसरे काही चोपडू नका, आणि लगेच लस घ्या. कातडी फाटून रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला रोखणारी तयार प्रथिने) टोचावे लागते. लसीने प्रतिकारशक्ती तयार व्हायला दिवस लागतात, तोवरचे संरक्षण ते देते. लक्षणे बहुधा १ ते ३ महिन्यांनी, कधी वर्षानंतरही सुरू होतात, आणि सुरू झाल्यावर रेबीज जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो. चावणारे कुत्रे १० दिवस नजरेखाली ठेवावे, पण त्या निकालासाठी लस थांबवू नये.

लक्षणे नसलेला माणूस आजार पसरवू शकतो का?

शकतो, आणि साथी आटोक्यात आणणे अवघड होते ते यामुळेच. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला अधिशयन काळ म्हणतात. फ्लूमध्ये तो १ ते ४ दिवस, कॉलऱ्यात काही तास ते ५ दिवस, कांजिण्यांत १० ते २१ दिवस, हिपॅटायटिस ए मध्ये १५ ते ५० दिवस असतो.

संसर्गक्षमतेचा काळ याहून वेगळा असतो. फ्लूचा रुग्ण लक्षणांच्या एक दिवस आधीपासून, गोवराचा पुरळाच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत, कांजिण्यांचा पुरळाच्या १-२ दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागण करू शकतो. हिपॅटायटिस ए मध्ये सर्वांत जास्त प्रसार कावीळ दिसण्याआधीच्या दोन आठवड्यांत होतो, म्हणजे डोळे पिवळे दिसेपर्यंत बहुतेक नुकसान होऊन गेलेले असते. नोरोव्हायरसचा रुग्ण बरा वाटल्यावरही दोन आठवडे किंवा अधिक विषाणू टाकत राहतो, म्हणून स्वयंपाक करणाऱ्याने लक्षणे थांबल्यावर किमान ४८ तास स्वयंपाकघरापासून दूर राहावे.

काही जण वर्षानुवर्षे वाहक राहतात. न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकीण असलेल्या मेरी मॅलन यांना टायफॉइडची लक्षणे नव्हती, तरी त्यांच्या हातच्या अन्नातून अनेकांना लागण झाली. १९०७ मध्ये त्यांचा शोध लागला आणि आयुष्यातली दोन दशकांहून जास्त वर्षे त्यांना एकांतात ठेवले गेले.

चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे लागण नाही ना?

चाचणी केव्हा केली यावर ते ठरते. डेंगीत विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस१ चाचणी पहिल्या काही दिवसांत उपयोगी, आयजीएम अँटिबॉडी (शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेले प्रथिन) साधारण पाचव्या दिवसानंतर सापडते. दुसऱ्या दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह येणारच. एचआयव्हीची प्रयोगशाळेतली अँटिजन-अँटिबॉडी चाचणी (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) लागणीनंतर १८ ते ४५ दिवसांत पॉझिटिव्ह होते, त्याआधीच्या निकालावर विसंबू नका. टायफॉइडच्या विडाल चाचणीवर पहिल्या आठवड्यात भरवसा ठेवता येत नाही. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेले ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) चांगले.

आर-नॉट आणि समूह प्रतिकारशक्ती म्हणजे काय?

कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण करतो तो आकडा म्हणजे आर-नॉट. गोवरासाठी तो १२ ते १८ मानला जातो, मोसमी फ्लूसाठी सव्वा-दीडच्या आसपास. हा आकडा तीन गोष्टींतून बनतो: रुग्ण किती दिवस संसर्गक्षम आहे, रोज किती जणांच्या संपर्कात येतो, आणि एका संपर्कात लागण होण्याची शक्यता किती. विलगीकरण पहिल्या दोन्हींवर काम करते, हात धुणे, मास्क, मोकळी हवा तिसऱ्यावर. प्रत्यक्षातला आकडा १ च्या खाली गेला की साथ विझू लागते.

पुरेशा लोकांना प्रतिकारशक्ती असली की साथ पसरत नाही आणि ती नसलेल्यांचाही बचाव होतो, ही समूह प्रतिकारशक्ती. त्यासाठी किती लोकांना प्रतिकारशक्ती हवी याचे गणित सोपे आहे: १ मधून १ भागिले आर-नॉट वजा करा. आर-नॉट २ असेल तर ५० टक्के. १५ असेल तर ९३ टक्के. गोवराच्या लसीकरणात ९५ टक्क्यांचा आग्रह यातून येतो. शहराची सरासरी ९५ आणि एखाद्या वस्तीत ७०, तर गोवर त्या वस्तीत पेटतो. सरासरीने तिथल्या बाळांचे संरक्षण होत नाही.

लस घेतलेल्यांनाही आजार होतो, मग लसीचा उपयोग काय?

१०० मुलांच्या शाळेत ९५ जणांनी गोवराच्या दोन्ही मात्रा घेतल्या आहेत असे समजा. दोन मात्रांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळते. सगळ्यांचा विषाणूशी संबंध आला तर लस घेतलेल्यांपैकी साधारण ३ जणांना आणि न घेतलेल्या पाचही जणांना गोवर होईल. आजारी ८ पैकी ३ जण लस घेतलेले! बातमीत एवढेच येते. पण धोका पाहा: लस घेतलेल्यांत ९५ पैकी ३, न घेतलेल्यांत ५ पैकी ५. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून संपल्याचे जाहीर झाले ते लसीमुळेच.

विलगीकरण आणि क्वारंटीन एकच का?

आजारी व्यक्तीला इतरांपासून वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण, ते संसर्गक्षमता संपेपर्यंत. संपर्कात आलेल्या पण अजून बऱ्या असलेल्या व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे क्वारंटीन, ते साधारण अधिशयन काळ संपेपर्यंत.

सर्दी-खोकल्यात लवकर बरे वाटावे म्हणून अँटिबायोटिक घ्यावे का?

नाही. सर्दी, फ्लू आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. आठवड्याभरात ती बरी होणारच असते, आणि श्रेय गोळीला जाते. गोळीने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, दाद न देणारे उरतात आणि वाढतात. पिवळा किंवा हिरवा शेंबूड आला एवढ्यावरून जिवाणूंचा संसर्ग ठरत नाही.

ताबडतोब डॉक्टरांकडे केव्हा जावे आणि काय सांगावे?

धाप लागणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, झटके, तापासोबत मान ताठ होणे, काचेने दाबल्यावरही न फिकटणारे पुरळ, ६ ते ८ तास लघवी न होणे, शौचातून रक्त, आणि ३ महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा जास्त ताप, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नका. डेंगीत धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो. तेव्हा पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. डेंगीची शंका असताना तापासाठी पॅरासिटामॉलच घ्या, अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.

सांगायच्या गोष्टी: ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, गेल्या महिन्यात कुठे प्रवास झाला, घरात किंवा कामावर आणखी कोण आजारी आहे, प्राणी चावला किंवा पुराच्या पाण्यात चालणे झाले का, लसी कोणत्या झाल्या आहेत, आणि अँटिबायोटिकचा एखादा तरी डोस आधीच घेतला आहे का, कारण त्यानंतर कल्चरमध्ये जंतू न सापडण्याची शक्यता वाढते. गोवर किंवा कांजिण्या वाटत असतील तर निघण्याआधी दवाखान्यात फोन करा, म्हणजे रुग्णाला गरोदर स्त्रिया आणि बाळे बसलेल्या खोलीत न थांबवता थेट आत घेता येईल.